तपशिलाची भक्ती

'मराठीतील पहिला गद्य ग्रंथ कोणता?' एका मार्काचा प्रश्न. उत्तर, लीळाचरित्र. 'लेखक कोण?' म्हाइंभट. आणखी एक मार्क. झाले! तीस-बत्तीस वर्षे मराठी शिकवली, त्यात हा प्रश्न किती पेपरांत तपासला याची गणती नाही. उत्तर बरोबरच आहे, त्यात वाद नाही. पण निवृत्तीनंतर तो ग्रंथ निवांतपणे, रोज चार पाने असा वाचत गेलो आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. म्हाइंभटाला पहिला गद्य ग्रंथ लिहायचाच नव्हता. त्याला देव आठवायचा होता. लीळाचरित्र हे आधी उपासनेचे पुस्तक आहे, मग वाङ्मयाचे. आणि ती उपासना फार वेगळी आहे. तिला मी माझ्यापुरते नाव दिले आहे, तपशिलाची भक्ती.

मी कुठे बसून बोलतो आहे ते आधी सांगतो. आमचे घर वारकरी, गाव लातूर जिल्ह्यातले. औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन ऐकत लहानाचा मोठा झालो. फेर धरून, टाळमृदंगाच्या गजरात चालणारी ती भक्ती. नोकरी मात्र बरीचशी नांदेड जिल्ह्यात झाली, त्यातली नऊ वर्षे माहूर-किनवट भागात. आणि सौ.चे माहेर महानुभाव. त्यामुळे गजराची भक्ती घरची आणि मौनाची भक्ती सासरची, अशी माझी विभागणी आहे. जाणकार महानुभाव वाचकांना आधीच दंडवत प्रणाम!

माहूर म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना रेणुकामाता आठवते, नाहीतर दत्तशिखर. नवरात्रात आणि दत्तजयंतीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण त्याच माहुरात देवदेवेश्वर आहे, महानुभावांचे मोठे स्थान. महानुभाव पंचकृष्ण मानतात: श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू आणि श्रीचक्रधर. एकाच परमेश्वराचे हे पाच अवतार. त्यांचा दत्त तीन तोंडांचा नाही, एकमुखी आहे. पंथाच्या श्रद्धेप्रमाणे फलटणचे चक्रपाणी माहूरच्या यात्रेला आले, तेव्हा दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात त्यांच्या मस्तकावर पंजा ठेवला. चक्रपाणी पुढे द्वारकेला गेले आणि हाती सूप-खराटा घेऊन तिथले रस्ते झाडत राहिले. त्यांच्याकडून द्वारकेत गोविंदप्रभूंना आणि गोविंदप्रभूंकडून रिद्धपूरला चक्रधरांना शक्ती मिळाली. म्हणजे मराठीच्या इतिहासात रिद्धपूरचे नाव घेताना ही साखळी आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या डोंगरापर्यंत मागे जाते. हे आपल्याकडच्या किती शिकलेल्या लोकांना ठाऊक आहे?

आता मुद्द्याकडे येतो. महानुभाव तत्त्वज्ञानात चार पदार्थ नित्य आहेत: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. जीवाला सोडवू शकतो तो फक्त परमेश्वर, आणि तो कृपेने माणसाचा देह घेऊन येतो. त्याच्या जवळ राहायला मिळणे हे सर्वात मोठे भाग्य. याला ते सन्निधान म्हणतात. पण देह घेतलेला परमेश्वर एक दिवस निघूनही जातो. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या काळात, चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले आणि मागे राहिलेल्या माणसांपुढे फार अवघड प्रश्न उभा राहिला. तो जेवत होता, चालत होता, हसत होता, रागावत होता. आता तो नाही. आता काय करायचे?

दुसरे कोणी असते तर मूर्ती घडवून देऊळ बांधले असते. यांनी आठवायला सुरुवात केली.

परंपरा अशी सांगते की रिद्धपूरला नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, स्वामींच्या लीळा आठवत बसलेले असत. म्हाइंभटाने विचारले, आपण हे काय करता? आणि मग या आठवणी एकत्र करायचे ठरले. म्हाइंभट हा मोठा पंडित, एकेकाळी विद्येचा अभिमान बाळगणारा. तो गावोगाव हिंडला, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना भेटला, विचारले, लिहून घेतले. हजाराहून अधिक लीळा जमल्या. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत त्या लावल्या. विद्वानांसाठी नव्हे, स्मरणाला बसणाऱ्यासाठी.

हे स्मरण म्हणजे नुसता जप नव्हे. नाम तर आहेच, पण त्याबरोबर मूर्ती, लीळा आणि चेष्टाही आहेत. (आजच्या मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा! इथे अर्थ हालचाल, कृती. स्वामी कसे बसले, कसे वळले, हात कसा उचलला ते.) मूर्ती म्हणजे दगडाची नव्हे. 'मूर्तिप्रकाश' नावाचा ग्रंथ आहे केसोबासांचा, त्यात चक्रधरांचे रूप शब्दांनी उभे केले आहे. 'पूजावसर' नावाच्या ग्रंथात स्वामींची दिनचर्या आहे. पहुड म्हणजे निजणे, उपहुड म्हणजे उठणे, आरोगणा म्हणजे जेवण. 'स्थानपोथी'त स्वामी ज्या ज्या जागी राहिले, बसले त्या जागांची नोंद आहे, देवळाचे दार कोणत्या दिशेला इथपर्यंत. अभ्यासकांना हे इतिहासाचे साधन वाटते आणि ते आहेही. पण हे लिहिले कशासाठी? पहाटे डोळे मिटून बसणाऱ्याला तिथवर जाता यावे म्हणून. दार कुठे आहे हे ठाऊक नसेल तर आत कसे जाणार?

हे मला ग्रंथातून नंतर कळले, आधी कळले ते सासूबाईंकडून. त्या भल्या पहाटे उठत. घोंगडीवर, भिंतीला न टेकता, घटकाभर बसून राहत. ओठ हलत नसत. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला मुक्कामाला गेलो तेव्हा मला वाटले, म्हातारीला बसल्या बसल्या डुलकी लागली. एकदा धीर करून विचारलेच, "मामी, डोळे मिटून काय म्हणता हो तुम्ही?" त्या म्हणाल्या, "म्हणत काहीच नाही जावईबापू. स्वामी सकाळी नदीवर निघतात ना, मी मागं मागं चालते." एवढेच! आणि चुलीकडे वळल्या. शाळेत त्या चौथीच्या पुढे गेलेल्या नव्हत्या. सगुणोपासना या विषयावर मी बी.ए.ला चांगले दहा पानांचे उत्तर लिहिले होते, पण त्यात 'मागं मागं चालते' एवढे नेमके वाक्य एकही नव्हते.

तर मंडळी, माझे म्हणणे असे आहे. आपण ज्याच्यावर प्रेम करतो त्याचे आपल्याला मोठेपण आठवत नाही, बारीकसारीक गोष्टी आठवतात. आईचे त्याग, कष्ट हे शब्द भाषणात ठीक. खरी आई आठवते ती भाकरी थापताना बांगड्या मागे सारणारी. भक्तीतही तेच आहे. 'देव दयाळू आहे' हे वाक्य हजार वेळा म्हटले तरी मन हलेलच असे नाही. पण लीळाचरित्रातला तो ससा आठवून पाहा. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी मागून येतात, ससा मागतात. स्वामी म्हणतात तो शरण आला आहे. रागावत नाहीत, शाप देत नाहीत. गवत खाऊन पाणी पिऊन राहणाऱ्या जीवांना का मारावे, एवढे समजावतात. पारधी निघून जातात आणि मग स्वामी सशाला सोडतात. यात चमत्कार कुठे आहे? काहीच नाही. पण मांडीखाली लपलेल्या सशाची धडधड ज्याने रोज पहाटे मनात ऐकली, तो दिवसभरात दारी आलेल्याला हाकलून देईल का? निदान हाकलताना त्याचा हात अडखळेल. एवढे झाले तरी पुष्कळ.

म्हणून मला वाटते की या उपासनेत तपशील फार जपावा लागतो. म्हाइंभटाने तो जपला. एखाद्या प्रसंगाची आठवण दोघांनी वेगवेगळी सांगितली असेल, तर अमक्याच्या सांगण्यात असे आहे, अशी वेगळी नोंद पोथ्यांत सापडते. दोन्हींची सरमिसळ करून एक गुळगुळीत गोष्ट बनवलेली नाही. सातशे वर्षांपूर्वी हा प्रामाणिकपणा! आमच्याकडे परवाच्या लग्नात कोण काय म्हणाले यावर चार तोंडी चार गोष्टी, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. भक्ती असूनही, नव्हे भक्ती होती म्हणूनच, त्या माणसांनी आठवणीत भेसळ केली नाही. देवाच्या आठवणीत पदरचे घालणे हे त्यांना देवाच्या ताटात उष्टे वाढण्यासारखे वाटले असावे.

आणि ज्या गोष्टी अडचणीच्या वाटाव्यात त्याही ठेवल्या. रिद्धपूरचे गोविंदप्रभू घ्या. कोणाच्याही घरात शिरतात, हवे ते खातात, मुलांसारखे खेळतात, मनाला येईल तसे बोलतात. गावाच्या दृष्टीने वेडे! आजच्या एखाद्या प्रसिद्धीप्रमुखाने हे सगळे गाळून टाकले असते. म्हाइंभटाने गोविंदप्रभूंच्या लीळाही लिहून ठेवल्या, आणि त्या वेड्या वाटणाऱ्या वागण्याचेही पंथात स्मरण होते. आज अनेक संतांची, बुवांची चरित्रे मी वाचतो. एकेक पान म्हणजे एकेक चमत्कार. जन्मतः तेजोवलय, पुढे रोगी बरे, पुढे पाऊस. माणूस कुठे जेवला, कोणावर हसला, कशाने दुखावला याचा पत्ता नाही. अशा चरित्राच्या मागे मागे चालता येत नाही. फक्त लांबून हात जोडता येतात.

कुणी म्हणेल, ही तर व्यक्तिपूजा झाली. देव निर्गुण, निराकार. त्याच्या उठण्याबसण्याची वर्णने भोळ्याभाबड्यांसाठी ठीक. या आक्षेपाचा मी बराच विचार केला. पहिली गोष्ट, हे काम करणारे भोळेभाबडे नव्हते. म्हाइंभट, केसोबास हे संस्कृतात मुरलेले पंडित. भटोबासांना जेव्हा संस्कृतातून प्रश्न विचारला गेला तेव्हा त्यांनी तो मराठीतून विचारायला सांगितले, कारण स्वामी मराठीत बोलले आणि संस्कृताने त्यांच्या भोवतीच्या म्हाताऱ्या बायका वंचित झाल्या असत्या. म्हणजे साधेपणा त्यांनी समजून उमजून पत्करला होता. दुसरी गोष्ट, व्यक्तिपूजा वाईट केव्हा? जेव्हा माणसाचे वागणे विसरून नुसता चेहरा उरतो तेव्हा. फ्लेक्सवर चेहराच असतो. स्मरणात वागणे असते. विटाळ न मानणारे, बायकांना शिष्या म्हणून जवळ करणारे, महदाइसेच्या एकामागून एक शंकांना उत्तरे देणारे चक्रधर जो रोज आठवील, त्याला आपल्या घरातल्या बाईला चार दिवस बाजूला बसवताना काहीतरी टोचायला हवे. टोचत नसेल तर स्मरणात काही कमी राहिले, असे मी म्हणेन.

सगळेच मला पटते असे नाही. इतर देवतांची उपासना नको हा महानुभावांचा नियम माझ्या वारकरी मनाला जड जातो. आमच्या घरात यावरून थट्टामस्करी झाली आहे, कधी अबोलाही झाला आहे. पण आठवण्याची त्यांची रीत मला आपल्या सगळ्यांसाठी मोलाची वाटते. ती कुणा एका पंथाची मिरासदारी नाही. नांदेडला माझ्या शेजारी एक शीख कुटुंब होते. तिथे 'सिमरन' शब्द रोज कानावर पडे. सिमरन म्हणजे आपले स्मरणच की! ज्या नांदेडात गुरू गोविंदसिंग १७०८ साली ज्योतीज्योत समावले, त्याच जिल्ह्यात माहूर आहे. आणि गंमत पाहा, महानुभाव पंथही इथून पंजाबात गेला. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणत. पेशावर, काबूलपर्यंत त्यांचे मठ होते आणि धर्मग्रंथ मात्र मराठी. शब्द एक, वाटा दोन, आणि दोन्ही आमच्या गोदावरीच्या खोऱ्याला जोडलेल्या.

आता जरा वेगळ्या, पण मला याच्याशी फार जवळच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून दमून झोपलेली आमच्या लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतली गावे पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात गेली. किल्लारीचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली. माझी मावशी त्यातल्याच एका गावची. नव्या गावात रस्ते रुंद, घरे एकसारखी, सगळे स्वच्छ. मावशीला तिथे काही आठवेना. आठवायला धरायचे कशाला? मग तिने एक रीत लावून घेतली. संध्याकाळी ओट्यावर बसून ती जुने गाव वेशीपासून सांगायची. वेशीच्या उजव्या हाताला अमक्याचा वाडा, मग लिंब, मग मारुती, त्याची तिसरी पायरी फुटकी, तिथून आत वळले की आमची बोळ. दारात जाऊन ती थांबायची. पुढे घरातली माणसे यायची, आणि त्यातली तीन त्या रात्री गेलेली.

तेव्हा मला तिचे दुःख कळत होते, पण ती काय करते आहे ते कळत नव्हते. पुढे स्थानपोथी पाहिली तेव्हा उमगले. महानुभावांनी स्वामींच्या बसण्याउठण्याच्या जागी ओटे बांधले, त्या जागांना वंदन केले, आणि जागा हातची गेली तर राहावी म्हणून तिच्या दिशा लिहिल्या. देव गेला तरी जागा आहे, जागा गेली तरी आठवण आहे. जे जवळ नाही त्याच्याशी नाते कसे टिकवायचे, हा प्रश्न भक्ताचा तसा माझ्या मावशीचाही. मावशीला मी कधी देवळात फार वेळ बसलेले पाहिले नाही. पण त्या ओट्यावर ती जे करत होती त्याला पूजा म्हणायला माझी ना नाही.

आठवण टिकते कशी, याबद्दलही त्या लोकांनी आपल्याला शिकवले आहे. परंपरेत असे सांगतात की परचक्राच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, तेव्हा हिराइसा नावाच्या साध्वीला ते तोंडपाठ होते आणि तिच्या पाठावरून ते पुन्हा उभे राहिले. पोथी गेली, बाईने राखली. आमच्या घरात याच्या उलट झाले. सासूबाईंना शेवटच्या वर्षी विसर पडू लागला. आधी आमची नावे गेली, मग पहाटेचा क्रमही तुटू लागला. नदीपर्यंत जायच्या आणि पुढे काय ते आठवेना म्हणून कासावीस व्हायच्या. मग सौ. त्यांच्याजवळ बसून पोथी वाचून दाखवी. जिथे अडले तिथून पुढे. त्या मान हलवत. बाई विसरली, पोथीने राखली. दोन्ही लागते, मंडळी. नुसत्या पुस्तकावर विसंबून चालत नाही आणि नुसत्या डोक्यावरही नाही. मी स्वतः आता सत्तरी ओलांडली आहे, चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही, म्हणून हे जरा कळकळीने लिहितो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले. आनंदच आहे. लीळाचरित्राचे नाव आता अधिक वेळा घेतले जाईल, पुतळे आणि कमानीही होतील. मला भीती एवढीच वाटते, की 'पहिला गद्य ग्रंथ' हा बिल्ला लावून आपण ते पुन्हा काचेच्या कपाटात ठेवू. त्याच्या लेखकाला अभिजातपणाशी काही देणेघेणे नव्हते. उद्या पहाटे कुणीतरी डोळे मिटून बसेल आणि त्याला वाट सापडली पाहिजे, एवढीच त्याची तळमळ.

हल्ली मोबाईलवर रोज सकाळी देवांचे दहा-बारा फोटो येतात. मीही पुढे पाठवतो, कारण पाठवणाऱ्याचा भाव खरा असतो. पण फोटोवर अंगठा टेकतो आणि सरकतो. थांबत नाही. माझी विनंती अशी, की आठवड्यातून एकदा का होईना, फोटो न पाहता आपल्या देवाची एक कृती आठवून पाहा. विठ्ठल असो, दत्त असो, राम असो, चक्रधर असोत. कुठे उभा होता, समोर कोण होते, त्याने काय केले. पाच मिनिटे. सुरुवातीला मन पळेल, पळू द्या. आणि आपल्या गोतावळ्यातल्या वाचकांना दुसरे एक मागणे आहे. घरातल्या म्हाताऱ्यांकडून गेलेल्या माणसांच्या लहानसहान गोष्टी लिहून घ्या. तारखा, पदव्या नकोत. कसे बसत, काय खाताना खूश होत, कशाने चिडत ते लिहा. दोघांनी वेगळे सांगितले तर दोन्ही लिहा, म्हाइंभटासारखे. भांडण मिटवत बसू नका.

असो. लेख लांबला. सौ. म्हणते आहे की तिच्या आईबद्दल लिहिलेस, पण एक राहिले. आई स्मरणाला बसायच्या आधी उंबरठ्यावरची वाट मोकळी करून ठेवायची, चपला बाजूला सारायची. का, ते तिने कधी सांगितले नाही. तेही लिहून ठेवले.